गरम इंजिनलाही 1800ची रेस: आधी हवेची वाट शोधा, स्क्रू नंतर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. 1991ची युनोस रोडस्टर, म्हणजे जपानबाहेर माझदा एमएक्स-5 नावाने विकली गेली तीच गाडी, 1.6 इंजिन, मॅन्युअल गिअर. इंजिन पुरतं तापल्यावरही विश्रामबागच्या सिग्नलला रेस (इंजिनचे मिनिटाला फेरे) 1800वर, आवाज मात्र एकसारखा. मधूनच 1200 ते 1900 अशी वर-खाली. प्लग, एअर फिल्टर, पेट्रोल फिल्टर बदलून झाले. मिस्त्रींनी थ्रॉटलचा स्क्रू दोनदा फिरवून पाहिला, उपयोग झाला नाही. आणि शेवटी तुम्ही जाता जाता एक ओळ लिहिली आहे: पसरणी घाट चढून पाचगणीला पोहोचलं की रेस आपोआप 900वर येते, सांगलीत परतल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा 1800. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या ओळीत आहे. पण त्याआधी थोडं मागून सुरुवात करतो, कारण हे नीट समजलं नाही तर पैसे नुसते पार्ट बदलण्यात जातील.

आपल्याकडचे बहुतेक जुने मिस्त्री कार्ब्युरेटरवर तयार झालेले. त्यांचा हात चांगलाच असतो, पण रेस जास्त दिसली की बोटं आपोआप स्क्रूकडे जातात. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल किती सोडायचं ते ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठरवतो आणि तो ते आत आलेल्या हवेवरून ठरवतो. पाय काढलेला असताना इंजिन 1800वर फिरतंय याचा अर्थ कुठून तरी जादा हवा आत येते आहे. ती कुठून येते एवढंच शोधायचं आहे.

तुमच्या 1.6मध्ये एअर फ्लो मीटर झडपेचा आहे. हवा आत जाताना ती झडप ढकलते आणि त्यावरून ईसीयूला हवेचा हिशोब कळतो. म्हणून जादा हवेचे दोन प्रकार पडतात. मीटरमधून मोजून आलेली हवा असेल तर तिच्या प्रमाणात पेट्रोलही मिळतं, रेस वाढते पण इंजिन गुळगुळीत चालतं. मीटरच्या पुढे एखाद्या फाटक्या पाइपातून चोरून शिरलेली हवा असेल तर मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि इंजिन थरथरतं, अडखळतं, कधी फटकाही मारतं. तुमचा आवाज एकसारखा आहे. त्यामुळे फाटका व्हॅक्यूम पाइप हा माझा पहिला संशय नाही, जरी सगळे आधी तेच सांगतील.

आता मोजून आलेली हवा थ्रॉटलची पाकळी (ॲक्सिलरेटर दाबला की उघडणारी हवेची झडप) बंद असताना कुठून जाऊ शकते? पाकळीच पूर्ण बंद होत नसेल, आयडलचा, म्हणजे पाय काढल्यावरच्या रेसचा, एअर स्क्रू जास्त उघडा असेल, आयडल जुळवायला ईसीयू चालवतो तो आयएससी व्हॉल्व्ह उघडा अडकला असेल, किंवा थ्रॉटल बॉडीच्या खालच्या अंगाला असलेला मेणाचा एअर व्हॉल्व्ह बंद होत नसेल. हा शेवटचा व्हॉल्व्ह बऱ्याच जणांना माहीतच नसतो. त्याला वायर नाही, ईसीयूशी संबंध नाही. थंड इंजिनला तो उघडा असतो आणि जादा हवा सोडतो. कुलंट तापलं की आतलं मेण फुगतं आणि वाट बंद होते. साताऱ्यात डिसेंबरच्या सकाळी माझी गाडी सुरू होताच वरच्या रेसवर धावते आणि इंजिन तापेल तशी खाली येते, ते या व्हॉल्व्हचंच काम. ते बरोबरच आहे. तापल्यावर खाली न येणं हा दोष.

म्हणजे या व्हॉल्व्हला गरम कुलंट पोहोचलंच पाहिजे. कुलंट कमी असेल किंवा आत हवा अडकली असेल तर ती वरच्या भागात, थ्रॉटल बॉडीकडे जाणाऱ्या बारीक पाइपांत साठते. सिग्नलला कुलंटचा पंप हळू फिरतो, गरम कुलंट तिथवर नीट येत नाही, मेण अर्धवट थंडच राहतं आणि व्हॉल्व्ह उघडा. पसरणीला तुम्ही दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये वरच्या आरपीएमवर चढता, पंप जोरात ढकलतो, गरम कुलंट त्या पाइपांतून जातं, व्हॉल्व्ह बंद होतो, रेस 900. तुमचं लक्षण याच्याशी जुळतं. पाचगणीची विरळ हवा याला कारण नाही. तेवढ्या फरकाने आयडल अर्ध्यावर येत नाही.

म्हणून पहिलं काम फुकटचं. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडा. कुलंट काठोकाठ दिसलं पाहिजे. बाटलीतली पातळी पाहून समाधान मानू नका, बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा असं सर्रास असतं. गरम इंजिनचं झाकण कोणत्याही परिस्थितीत उघडू नका, वाफेने हात आणि तोंड भाजतं. कमी असेल तर गाडीचं नाक चढावर करून उभी करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, झाकण काढून इंजिन सुरू करा आणि थर्मोस्टॅट उघडेपर्यंत बुडबुडे निघतील तसं भरत राहा. मग थ्रॉटल बॉडीच्या दोन्ही बारीक पाइपांना हळूच हात लावून पाहा. दोन्ही सारखे गरम हवेत. एक गरम आणि एक कोमट म्हणजे वाट तुंबली आहे.

तुंबण्याचं कारण आपल्या भागात बहुतेक वेळा पाणी. गाडीत कोणी बोअरचं पाणी भरलं असेल तर त्याचा पांढरा थर आधी अशाच बारीक वाटा बंद करतो. कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे वापरा, नळाचं नको. आणि भरलेलं कुलंट काही दिवसांत पुन्हा कमी झालं तर आयडलचा विषय बाजूला ठेवून गळती शोधा. पाइप, रेडिएटर, हीटर, शेवटी हेड गॅस्केट. ॲल्युमिनियमचं हेड एकदा तापून वाकलं की खर्च फार मोठा होतो.

दोन्ही पाइप गरम आहेत आणि रेस तरीही खाली येत नाही, तर मेणाचा व्हॉल्व्हच निकामी झाला असेल. पुढची तपासणी करताना या गाडीची एक खोड लक्षात असू द्या: 1.6मध्ये पेट्रोल पंपाचा स्विच एअर फ्लो मीटरच्या आतच आहे. थ्रॉटलवरचा मोठा पाइप काढून इंजिन चालू ठेवायला गेलात तर पंप थांबतो आणि गाडी बंद पडते. ते पाहून नवा दोष सापडला असं समजू नका. त्यापेक्षा एअर स्क्रू पूर्ण आत बसवा, पण फिरवण्याआधी किती आटे गेले ते मोजून लिहून ठेवा. तो पूर्ण बंद करूनही रेस 850च्या बरीच वर असेल तर हवा दुसऱ्या वाटेने येते हे पक्कं. चालू गरम इंजिनवर आयएससीचा कनेक्टर काढला आणि रेसमध्ये काहीच बदल झाला नाही, तर तो व्हॉल्व्ह अडकलेला किंवा त्याची वायर तुटलेली. गाडी 2019च्या पुराच्या वेळी सांगलीतच उभी असेल तर हे कनेक्टर उघडून हिरवट गंज आहे का ते जरूर पाहा.

आता मिस्त्रींनी फिरवलेला स्क्रू. थ्रॉटलच्या लिव्हरला टेकणारा तो स्टॉप स्क्रू कारखान्यात बसवलेला असतो, तो आयडलसाठी नाहीच. आयडलचा एअर स्क्रू थ्रॉटल बॉडीवर काळ्या रबरी बुचाखाली असतो. स्टॉप स्क्रू फिरला की पाकळी किंचित उघडी राहते आणि त्याहून वाईट म्हणजे थ्रॉटल सेन्सरमधल्या आयडल स्विचचा मेळ बिघडतो. तुमच्या मॅन्युअल 1.6मध्ये तो साधा स्विच आहे: पाकळी बंद तर जोडलेला, जराशी उघडली की तुटलेला. मल्टीमीटरने दोन मिनिटांत कळतं. स्टॉप स्क्रू मागे घेऊन पाकळी पूर्ण बंद होऊ द्या, मग ती भोकात चिकटणार नाही इतकाच आत घ्या आणि त्यानंतर सेन्सर जुळवा. केबलला किंचित ढील आहे ना, तेही तेव्हाच बघा.

1200 ते 1900चा झोकाही जादा हवेतूनच येतो. पाय काढलेला आहे असं स्विच सांगतोय आणि रेस मात्र वरची, म्हणजे गाडी उतारावर गिअरमध्ये आहे असं ईसीयू समजतो आणि पेट्रोल तोडतो. रेस पडते, पेट्रोल परत येतं, जादा हवेमुळे रेस पुन्हा चढते, पुन्हा तोडतो. जादा हवा थांबली की हेही थांबेल, त्यासाठी वेगळा पार्ट घेऊ नका.

कुलंट ठीक निघालं तर ईसीयूचा तापमान सेन्सर पाहा. डॅशबोर्डच्या काट्याचा सेन्सर वेगळा आहे, त्यामुळे काटा बरोबर दिसला म्हणजे ईसीयूलाही बरोबर कळतंय असं नाही. 20 अंशांना साधारण अडीच किलोओहम आणि 80 अंशांना 0.3 किलोओहमच्या आसपास रोध हवा. हा सेन्सर इंजिन थंडच आहे असं सांगत राहिला तर मिश्रण जाड राहतं, पेट्रोलचा वास येतो, ॲव्हरेज पडतं. तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही, म्हणून हा संशय मागे ठेवला.

टायमिंग, म्हणजे प्लगच्या ठिणगीची वेळ, मात्र विसरू नका. हेडच्या मागच्या बाजूचा कॅम अँगल सेन्सर तिथल्या ओ-रिंगच्या ऑइल गळतीसाठी अनेकदा काढला जातो, आणि परत बसवताना थोडा फिरला की टायमिंग पुढे जातं, रेस वाढते. बॉनेटखालच्या डायग्नोसिस लिहिलेल्या काळ्या डबीत टीईएन आणि जीएनडी अशा खुणेच्या दोन जागा वायरच्या तुकड्याने जोडा. आता ईसीयू स्वतः होऊन टायमिंग आणि रेस जुळवत नाही. इंजिन गरम, एसी, दिवे, पंखा सगळं बंद. टायमिंग लाइटवर 10 अंश बीटीडीसी (पिस्टन माथ्याला पोहोचण्याआधी), आणि एअर स्क्रूने 850, पन्नास इकडे-तिकडे चालेल. मग वायर काढा. हे शेवटचं काम आहे, हवेची वाट सापडण्याआधी केलंत तर दोष नुसता झाकला जाईल.

आधी थंड रेडिएटरमध्ये किती कुलंट लागलं आणि दोन्ही बारीक पाइप हाताला कसे लागले, तेवढं इथे लिहा. थ्रॉटल बॉडी काढायची वेळ आली तर खालच्या व्हॉल्व्हचं गॅस्केट आधी मागवून ठेवा, आणि बोल्ट जुने असतील तर आदल्या रात्री गंजतेल मारून ठेवा.