कपॅसिटर चार्ज व्हायला हिशेबापेक्षा जास्त वेळ का लागतो?

तुम्ही १०० किलोओहमचा रेझिस्टर आणि ४७० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर ९ व्होल्टला जोडलाय. दोन्हींचा गुणाकार, म्हणजे कालस्थिरांक (कपॅसिटर ६३ टक्के चार्ज व्हायला लागणारा वेळ), ४७ सेकंद येतो, पण प्रत्यक्षात ६३ टक्क्यांपर्यंत पोचायला ५५ सेकंद लागतात आणि मीटर ८.९ च्या पुढे सरकत नाही, असं तुमचं म्हणणं. जोडणीत चूक नाही. दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

आधी ५५ सेकंद. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर छापलेल्या आकड्यात सहसा २० टक्के इकडेतिकडे धरलेलं असतं. म्हणजे ४७० लिहिलेला कपॅसिटर ३७६ ते ५६४ यांत कुठेही असू शकतो. तुमचा सुमारे ५५० चा दिसतो. रेझिस्टर मात्र सुटा करून मीटरने मोजून घ्या, त्याचा खरा आकडा लगेच कळतो.

८.९ चं कारण खुद्द मीटर. बहुतेक डिजिटल मल्टिमीटरचा व्होल्टमापनातला अंतर्गत रोध १० मेगाओहम असतो आणि तो कपॅसिटरला समांतर बसतो. रेझिस्टर आणि मीटर मिळून व्होल्टेज वाटून घेतात: ९ × १० ÷ १०.१ = ८.९१. इथे फरक एक टक्क्याचा आहे, पण १ मेगाओहमचा रेझिस्टर लावलात तर मीटर ८.१८ लाच अडकेल आणि वेळही ९ टक्क्यांनी कमी येईल. काट्याचा मीटर तर इथे वापरूच नका. २० किलोओहम प्रति व्होल्टचा मीटर १० व्होल्टच्या रेंजवर फक्त २०० किलोओहमचा असतो, आणि तुमच्या सर्किटमध्ये तो ६ व्होल्टच दाखवील.

मला विचाराल तर मोजमाप डिस्चार्जवर करा. चार्जिंगमध्ये शेवटचं व्होल्टेज नेमकं माहीत असावं लागतं. डिस्चार्ज शून्याकडेच जातो, तो प्रश्नच मिटतो. त्यासाठी टू-वे स्विच लागेल. मधला पाय रेझिस्टरला, रेझिस्टरचं दुसरं टोक कपॅसिटरच्या धन पायाला. स्विचचा एक कडेचा पाय बॅटरीच्या धन टोकाला, दुसरा ऋण टोकाला. कपॅसिटरचा ऋण पाय, म्हणजे पट्टा छापलेल्या बाजूचा, बॅटरीच्या ऋणाला. हा उलटा लागला तर कपॅसिटर तापतो, फुगतो, फुटूही शकतो. कपॅसिटर १६ किंवा २५ व्होल्टचा घ्या. नुसती बॅटरीची वायर उपटली तर डिस्चार्जला मीटरशिवाय वाटच उरत नाही, आणि ५५० मायक्रोफॅरडला १० मेगाओहममधून एक कालस्थिरांक म्हणजे दीड तास!

मीटरची रेंज २० व्होल्टवर पक्की करा, कारण ऑटो रेंज मध्येच बदलते आणि त्या क्षणी वाचन हुकतं. पाच-सहा मिनिटं चार्ज होऊ द्या, मग स्विच फिरवा. घड्याळ मात्र स्विचबरोबर सुरू करायची गरज नाही. वक्र घातांकी असल्यामुळे, म्हणजे ठरावीक वेळात व्होल्टेज नेहमी तेवढ्याच पटीने उतरत असल्यामुळे, कुठूनही सुरुवात चालते. ८.०० दिसताच सुरू करा, २.९४ ला थांबवा; ६३ टक्के उतरून उरलेला हा ३६.८ टक्क्यांचा टप्पा, म्हणजे एक कालस्थिरांक. मोबाइलवर मीटर आणि स्टॉपवॉच एकाच चौकटीत चित्रित केलेत तर डोळे आणि हात यांची शर्यत लागत नाही.

तपासणीसाठी ८ ते ४, ४ ते २, २ ते १ हे तीन वेळ वेगवेगळे काढा. तुमच्या सर्किटमध्ये प्रत्येकी साधारण ३८ सेकंद यायला हवेत. पहिला ठळकपणे कमी आणि शेवटचा जास्त आला तर कपॅसिटर गळतोय, म्हणजे त्याच्या आतूनच थोडा प्रवाह निसटतोय: जास्त व्होल्टेजला गळती जास्त असते. बरेच महिने पडून राहिलेल्या कपॅसिटरमध्ये हे हमखास दिसतं. त्याला अर्धा-एक तास ९ व्होल्टवर ठेवून पुन्हा मोजा, गळती बरीच उतरते.

आलेखच काढायचा असेल तर व्होल्टेजचा नैसर्गिक लॉग वेळेसमोर मांडा. रेषा सरळ येते, आणि १ ला तिच्या उताराने भागलं (ऋण चिन्ह सोडून) की कालस्थिरांक मिळतो. कपॅसिटरचा खरा आकडा काढायला त्याला ९९ किलोओहमने भागा, १०० ने नाही. मीटर समांतर आहे हे विसरू नका.

पुढचं वाचन चार्जिंगचं असेल तर आधी १०० ओहममधून कपॅसिटर रिकामा करा आणि मिनिटभर तसाच जोडलेला ठेवा. लगेच काढलात तर थोडं व्होल्टेज आपोआप परत चढतं आणि सुरुवात शून्यापासून होत नाही.