‘प्लँटर’ म्हणजे जमीनदार नव्हे

प्रश्न असा आहे: यादवी युद्धापूर्वीच्या अमेरिकी दक्षिणेतल्या ‘प्लँटर’ला, म्हणजे मोठ्या मळ्याच्या मालकाला, जमीनदार म्हणावे का, आणि तिथल्या गरीब गोऱ्यांना ‘क्रॅकर’ का म्हणत?

जमीनदार मुळीच नको. अनुवादांत हा शब्द सारखा दिसतो आणि दर वेळी खटकतो. जमीनदार कुळांकडून खंड घेतो. प्लँटरकडे कुळे नव्हती, गुलाम होते. इतिहासकार त्याची गणना एकरांवर नाही, माणसांवर करतात: किमान 20 गुलाम. 1860 साली गुलामीच्या राज्यांत गोरे सुमारे 80 लाख, गुलाममालक 4 लाखांच्या आत, आणि त्यांतले प्लँटर जेमतेम 46 हजार. 1862 मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, दक्षिणेने सक्तीच्या लष्करभरतीतून सूट दिली तीही याच आकड्यावर: 20 गुलामांच्या मळ्यामागे एक गोरा घरी. गरीब गोरे यावर का भडकले, हे ‘जमीनदार’ लिहून कसे कळणार? ‘मळेवाला’ लिहा.

‘ओव्हरसियर’चा मुकादमही करू नका. तो गोरा, मळ्यावर देखरेखीसाठी सालाच्या कराराने ठेवलेला पगारी माणूस. त्याच्या हाताखालचा ‘ड्रायव्हर’ मात्र स्वतः गुलाम, गुलामांच्या टोळीतूनच पुढे काढलेला. अरबी ‘मुकद्दम’ म्हणजे पुढे ठेवलेला. मुकादम शोभतो तो त्याला.

आता ‘क्रॅकर’. गुरे हाकताना चाबूक कडाडवणारा तो क्रॅकर, ही व्युत्पत्ती कोशांतूनही छातीठोकपणे दिली जाते. कुणी ‘क्रॅक’ केलेल्या, म्हणजे भरडलेल्या, मक्याकडे बोट दाखवतो. दोन्ही मागाहून जुळवलेल्या कथा असाव्यात. 1766 मध्ये गॅव्हिन कॉक्रेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने वसाहतींचा कारभार पाहणाऱ्या लॉर्ड डार्टमथना स्पष्ट कळवले होते की अमेरिकी वसाहतींच्या सरहद्दीवरच्या या लोकांना हे नाव पडले ते बढाईखोरपणामुळे. त्याच्या कितीतरी आधी शेक्सपिअरच्या ‘किंग जॉन’मध्ये बडबड्या फुशारकीखोराला हाच शब्द आला आहे. स्कॉटलंडकडच्या बोलीत ‘क्रॅक’ म्हणजे गप्पा, आणि सरहद्दीवर वसलेल्यांत अल्स्टरमधून, म्हणजे आयर्लंडच्या उत्तर भागातून, आलेले स्कॉट पुष्कळ. ‘क्रॅक’ हा मुळात कडाडण्याच्या आवाजाचा शब्द बढाईकडे कसा वळतो, अशी शंका घेणाऱ्यांनी आपली ‘थाप’ पाहावी: आधी तबल्यावर, मग तोंडाने. इतका धडधडीत लेखी पुरावा असताना चाबूक कशाला हवा?

मात्र प्रत्येक साध्या गोऱ्या शेतकऱ्याला क्रॅकर म्हणणे चूक. ‘येओमन’ स्वतःची जमीन घरच्या माणसांसह कसत असे. आधी मका, मग उरल्या रानात थोडा कापूस. डुकरे जंगलात मोकळी चरत, मालकी कानावरच्या खाचेवरून ओळखत, कुंपण पिकाला घालत. त्याला ‘स्वतः कसणारा शेतकरी’ म्हणा.