फेसवॉशला उटणं म्हणावं का?

प्रश्न असा आलाय की एका फेसवॉशच्या ट्यूबवर ‘नैसर्गिक उटणं फेसवॉश’ असं छापलेलं पाहिलं, तर उटणं म्हणजे मराठीतलं क्लेन्झरच का, आणि हा शब्द पहाटे उठण्यावरून आलाय का, कारण बरेच लोक ‘उठणे’ असंच लिहितात.

दुसरं आधी. उठण्याशी याचा काहीच संबंध नाही. नरकचतुर्दशीला पहाटे उठून लावतात म्हणून तशी समजूत झाली असावी, पण मूळ शब्द संस्कृत उद्वर्तन, प्राकृतात त्याचं उव्वट्टण झालं, तिथून हिंदीत उबटन आणि आपल्याकडे उटणं. ‘र्त’चा ‘ट’ होणं मराठीला नवीन नाही, वर्तुळचं वाटोळं झालं, वर्त्मची वाट झाली, त्यातलंच हे. त्यामुळे ठ नको, ट च पाहिजे.

आता पहिला प्रश्न, तो जास्त महत्त्वाचा आहे. माझं स्पष्ट मत आहे की उटणं म्हणजे क्लेन्झर नाही. अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात दिनचर्येच्या अध्यायात क्रम बघा, आधी अभ्यंग म्हणजे तेल, मग व्यायाम, मग उद्वर्तन, आणि त्यानंतर स्नान. उद्वर्तनाचे फायदे दिलेत ते कफ कमी होणं, मेद विरघळणं, अंग घट्ट होणं, त्वचा प्रसन्न होणं असे. धुण्याचं काम पुढे स्नानाकडे आहे. आपली भाषाही अजून हेच बोलते, उटणं आपण लावतो, चोळतो, उटण्याने तोंड ‘धुतलं’ असं आजीच्या तोंडून मी तरी कधी ऐकलं नाही. आणि घटक बघितले तरी तेच दिसतं, मसूर डाळीचं पीठ किंवा मुलतानी माती अंगावरचं जादा तेल शोषून घेते, भरडपणामुळे चोळताना मळाच्या वळ्या सुटतात, आणि गवला, कचोरा, नागरमोथा, वाळा, आंबेहळद, चंदन, गुलाबपाकळी हे मुख्यतः वासासाठी आणि त्वचेसाठी. फेस कुठेच नाही.

उटी हा याचाच सख्खा शब्द पण काम उलटं, ती लावून तशीच ठेवायची. गणपतीच्या आरतीतली चंदनाची उटी आठवा, किंवा पंढरपूरला उन्हाळ्यात विठ्ठलाला करतात ती चंदनउटी.

आणि मुळात उटणं हे अंगाचं. चेहऱ्यासाठी जुन्या ग्रंथात वेगळा शब्द आहे, मुखलेप. अष्टांगहृदयातच त्याचे दोषहर, विषहर आणि वर्ण्य (म्हणजे वर्ण सुधारणारा) असे तीन प्रकार दिलेत, जाडी किती तर पाव, एक तृतीयांश किंवा अर्धा अंगुळ. आणि तिथे एक गोष्ट सांगितलीय जी आज फेसपॅक लावणाऱ्या प्रत्येकाने वाचायला हवी, की लेप वाळू द्यायचा नाही, वाळला की कांती बिघडते, आणि काढताना ओला करून काढायचा. आपण मात्र चेहरा ताणून येईपर्यंत मुलतानी माती ठेवतो, वर पारंपरिक म्हणतो.

मग फेसवॉशचे पूर्वज कोण? तर रिठा आणि शिकेकाई. यांच्यात सॅपोनिन असतं, ते पाण्यात फेस करतं, तेल पकडतं आणि पाण्याबरोबर वाहून नेतं, फेसवॉशही हेच करतो. रिठा आला संस्कृत अरिष्टकवरून, शिकेकाईतलं ‘काई’ म्हणजे कानडीतलं ‘कायी’, कच्चं फळ किंवा शेंग, तिकडे सीगेकायी म्हणतात. रिठ्याच्या झाडाचं शास्त्रीय नाव सपिंडस, म्हणजे लॅटिनमधे ‘भारतीय साबण’, आणि सॅपोनिनमधेही तोच लॅटिन सॅपो आहे. आपला साबण अरबी-फारसी साबूनवरून आला का पोर्तुगीज सबावँवरून यावर दोन्ही मतं आहेत, पण घराणं तेच. (फेसवॉशमधला फेस इंग्रजी आहे हे खरं, पण मराठी कानाला तो साबणाचा फेसच वाटतो आणि अर्थ बिघडत नाही, हा योगायोग मला फार आवडतो.)

म्हणून ट्यूबवर उटणं लिहिलं असेल तर मागची बारीक अक्षरं वाचा. आपल्याकडच्या नियमात एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, त्याखालचे कसेही लिहिले तरी चालतात. तर आधी पाणी येईल, मग कोको ग्लुकोसाइड, डेसिल ग्लुकोसाइड, कोकामिडोप्रोपिल बीटेन किंवा सोडियम लॉरेथ सल्फेट, चेहरा साफ करणारे हेच. यातले ग्लुकोसाइड सहसा सौम्य, लॉरेथ सल्फेट काहींच्या कोरड्या त्वचेला झेपत नाही. सोडियम पामेट किंवा पोटॅशियम कोकोएट दिसलं तर तो सरळ साबण, मग पुढे हळदीचं चित्र असो नाहीतर चंदनाचं. साबणाचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) साधारण 9 ते 10 आणि त्वचेचा 5 च्या आसपास, म्हणून धुतल्यावर चेहरा ओढल्यासारखा होतो. कचोरा, वाळा ही नावं यादीच्या शेवटी सुगंधाच्या आसपास असतील तर ती बहुतेक नावापुरतीच आहेत.

‘नैसर्गिक’ या शब्दावर तर अजिबात विसंबू नका. आयएसओ 16128 म्हणून एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, 2016 आणि 2017 मधे दोन भागात आलेलं, नैसर्गिक घटकांची टक्केवारी कशी काढायची ते त्यात दिलंय आणि त्यात पाणी धरूनही हिशोब करता येतो. फेसवॉशमधे सगळ्यात जास्त पाणीच असतं, तेव्हा मोठा आकडा सहज जमतो. शिवाय नैसर्गिक म्हणजे सौम्य असंही नाही, रिठा डोळ्यात गेला तर काय होतं ते लहानपणी न्हायलेल्या सगळ्यांना माहितीय, आणि चेहऱ्याला लिंबू चोळून उन्हात गेलं तर त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडू शकतात.

तेव्हा ट्यूबवर काय लिहावं असं मला कुणी विचारलं तर ‘कचोरा-वाळा घातलेला फेसवॉश’ लिहा म्हणेन, फेसवॉश हा शब्द मराठीत छान रुळलाय, त्याला मुखप्रक्षालक वगैरे करायची गरज नाही. उटणं हा शब्द मात्र त्या कोरड्या, भरड, चोळायच्या पिठालाच राहू द्या.