रीफ टँकमध्ये कोणाचं कोणाशी पटतं?

प्रश्न : ताई, माझा २०० लिटरचा रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यातला कोरल्सचा टँक आहे, लाइव्ह रॉक (बॅक्टेरिया वसलेले सच्छिद्र दगड) घातलाय, सायकल, म्हणजे घाण पचवणारे बॅक्टेरिया तयार होणं, पूर्ण झालीय, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येतायत, थोडी सॉफ्ट कोरल्स पण लावलीत. आता मासे आणायचेत. यादी अशी : क्लाउनफिशची जोडी, रॉयल ग्रामा, फायरफिश, सिक्सलाइन रास, पाच ग्रीन क्रोमिस आणि मुलीच्या हट्टासाठी एक ब्लू टँग. मारामारी अजिबात नकोय. हे सगळे एकत्र राहतील का?

उत्तर : सगळे नाही राहणार. पहिले तीन ठेवा, पुढचे तीन खोडा. का ते नीट सांगते, कारण एकदा हे कळलं की पुढची प्रत्येक यादी तुमची तुम्हालाच करता येईल.

मासे एकमेकांशी भांडतात ते मुख्यतः जागेवरून आणि खाण्यावरून, त्यामुळे ज्याचा आकार, रंग आणि राहायची सवय आपल्यासारखी आहे तोच माशाला सगळ्यात मोठा शत्रू वाटतो. म्हणून मासा निवडताना रंगाच्या आधी हे विचारायचं की हा टँकमध्ये राहणार कुठे? ग्रामा दगडाच्या कपारीत राहतो, फायरफिश वाळूजवळच्या बिळाच्या तोंडाशी तरंगत असतो आणि जरा काही हललं की आत पळतो, क्लाउनची जोडी एक कोपरा पकडते आणि तिथेच डुलत बसते. तिघांच्या जागा वेगळ्या, खाण्यात कोणी कोणाच्या आड येत नाही, म्हणून पटतं. क्लाउनमध्ये मात्र ऑसेलारिसच घ्या, मरून क्लाउन दिसायला भारी असतो पण मोठी झालेली मादी अख्खा टँक आपलाच समजते. आणि दोन वेगवेगळ्या जातींचे क्लाउन एकत्र कधीच नको. जोडीसाठी एक थोडा मोठा आणि एक लहान असे दोन छोटे मासे घ्या. क्लाउन सगळे जन्मतः नर असतात आणि दोघातला वरचढ असेल तो पुढे मादी होतो, त्यामुळे साइजमध्ये आधीच फरक असला की कोण मोठं हा वाद लवकर मिटतो. लहान मासा मोठ्यासमोर आडवा होऊन थरथरायला लागला तर घाबरू नका, तो आजारी नाहीये, हार मानतोय.

आता खोडलेले. सिक्सलाइन रास दुकानात अगदी गरीब दिसतो, बोटभर मासा, पण एकदा टँकमध्ये रुळला की नंतर येणाऱ्या प्रत्येकाच्या मागे लागतो आणि तुमच्या यादीतला फायरफिश तर त्याच्यापुढे टिकणारच नाही. फायरफिश सतत पिटाळला गेला की खायलाच बाहेर येत नाही आणि उपाशी मरतो, नाहीतर टँकबाहेर उडी मारतो. रास हवाच असेल तर फेअरी रासमधला एखादा छोटा बघा, बरेच मवाळ असतात. आणि काहीही ठेवा, टँकवर बारीक जाळी हवीच, फायरफिश आणि रास दोघेही उड्या मारण्यात पटाईत.

क्रोमिस लोक थव्यासाठी घेतात, मला पण त्यांचा थवा फार आवडतो, पण समुद्रात तो थवा कितीतरी मोठा असतो. २०० लिटरमध्ये पाच ठेवले की त्यांच्यात उतरंड लागते, सगळ्यात खालच्याला बाकीचे टोचतात, तो जातो, मग त्याच्या वरचा, असं करत करत बरेचदा एक-दोनच उरतात.

ब्लू टँगबद्दल मुलीला समजवावं लागेल, पण प्लीज समजवा. आता तो तीन-चार सेंटिमीटरचा मिळेल, पूर्ण वाढला की ३० सेंटिमीटरपर्यंत जातो आणि दिवसभर पोहत राहणारा मासा आहे. कमी जागेत त्याला ताण येतो, आणि ताण आला की पांढऱ्या ठिपक्यांचा रोग त्याला सगळ्यात आधी पकडतो. रीफ टँकमध्ये त्या रोगावरचं कॉपरचं औषध घालता येत नाही कारण कोळंब्या, गोगलगायी, कोरल्स सगळंच मरतं. म्हणूनच प्रत्येक नवा मासा आधी किमान चार आठवडे वेगळ्या टँकमध्ये ठेवायचा, दुकानदार कितीही म्हणाला की एकदम हेल्दी आहे तरी.

क्रम पण महत्त्वाचा. सगळ्यात भित्रा आधी, सगळ्यात धीट शेवटी, म्हणजे आधी फायरफिश, मग ग्रामा, मग क्लाउन, आणि मध्ये दोन-तीन आठवडे तरी जाऊ द्या, म्हणजे बॅक्टेरियांनाही वाढलेला भार पेलायला वेळ मिळतो. एवढं झाल्यावर खाली वाळूत एक येलो वॉचमन गोबी बसू शकतो, त्याच्याबरोबर पिस्टल श्रिंप दिलात तर बघतच राहाल, कोळंबीला नीट दिसत नाही म्हणून ती बीळ खणताना आपली मिशी गोबीला टेकवून असते आणि गोबी शेपटी हलवून धोका कळवतो. २०० लिटरला पाच मासे झाले, बास, इथे थांबा.

प्रश्न : रॉयल ग्रामा म्हणून आणलेला मासा सगळ्यांना चावतोय. सगळीकडे तर शांत मासा म्हणून लिहिलंय?

उत्तर : बहुतेक तो ग्रामा नाहीच. रॉयल डॉटीबॅक पण असाच पुढून जांभळा मागून पिवळा असतो आणि दुकानात दोघांची हमखास गल्लत होते. ग्रामाचे दोन रंग मध्ये ठिपक्याठिपक्यांनी एकमेकांत मिसळतात आणि पाठीवरच्या पराच्या सुरुवातीला काळा डाग असतो, डॉटीबॅकचे रंग मात्र एकदम रेघ मारल्यासारखे बदलतात आणि तो डाग नसतो. आणि डॉटीबॅक चांगलाच भांडखोर. असं निघालं तर परत करा, सुधारेल म्हणून वाट बघू नका, रोज कोणाचा तरी पर फाटलेला दिसेल. खरोखर ग्रामाच असेल तर आधी त्याची कपार बघा, तिच्याजवळ दुसऱ्या कोणी घर केलंय का, तसं असेल तर दोन-चार दगड हलवून जागा नव्याने लावून द्या, सगळ्यांच्या हद्दी पुसल्या की बरेचदा शांत होतं.

प्रश्न : चार बंगाई कार्डिनल मासे घेतले होते, वर्षभरात दोनच राहिले. पाणी तर व्यवस्थित आहे.

उत्तर : पाण्याचा दोष नाही हो. लहानपणी ते छान घोळक्याने राहतात, पण वयात आले की दोघांची जोडी जमते आणि ती जोडी बाकीच्यांना जगू देत नाही. उरलेले दोघे शांतपणे शेजारी शेजारी असतील तर तुमच्याकडे जोडी आहे, आता अजून आणू नका. एखाद दिवशी एकाने खाणं सोडलेलं दिसेल आणि हनुवटी फुगलेली, तो नर असतो, तोंडात अंडी घेऊन बसलेला, आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत तो जवळपास काहीच खात नाही, त्याला उगाच पकडून तपासायला जाऊ नका. एक कळकळीची विनंती, हा मासा मुळात इंडोनेशियातल्या बंगाई बेटांच्या आसपासचाच आहे आणि टँकसाठी पकडून पकडून तिथे खूप कमी झालाय, त्यामुळे घेताना टँकमध्ये पैदास केलेलाच मागा. खाण्यालाही तो लवकर रुळतो.

प्रश्न : तीन महिन्यांचा टँक आहे, मँडरिन मासा घेऊ का? कोणाला त्रास देत नाही म्हणतात.

उत्तर : त्रास देत नाही हे खरंय, पण तो दिवसभर दगडांवरचे कोपेपॉड, म्हणजे अगदी बारीक जीव, टिपत फिरतो आणि तुमच्या टँकमध्ये ते अजून पुरेसे झालेले नसणार. आत्ता नको. टँक वर्षभर तरी मुरू दे, आणि तेव्हाही दुकानात आपल्या डोळ्यांसमोर फ्रोझन खाणं खाताना दिसला तरच घ्या.

प्रश्न : क्लाउनला अॅनिमोन (डंख करणारा, फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) लागतोच का?

उत्तर : नाही, टँकमध्ये त्याच्याशिवाय मजेत राहतात. अॅनिमोनला भरपूर लाइट आणि मुरलेला टँक लागतो, शिवाय तो एका जागी राहीलच असं नाही, फिरत फिरत कोरल्सना डंख करतो आणि कधी पंपात ओढला जातो. आणून दिला तरी क्लाउन त्यात जाईलच असंही नाही, बरेच क्लाउन एखाद्या लेदर कोरलमध्ये नाहीतर चक्क पंपाच्या कोपऱ्यात घर करतात. तिथे करू द्या, फक्त पंपाला जाळी बसवा.