क्रिप्टोग्राफीत, म्हणजे गुप्तलेखनाच्या शास्त्रात, संशोधन हे करिअर म्हणून कसं असतं? कोकणात राहून ते जमेल का?

प्रश्नाखालचा मजकूर वाचला. रत्नागिरीत बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहात, विषय गणित, कोडिंग थोडंफार येतं. घरचे म्हणतात बँकेच्या परीक्षा द्या, आणि एका 'एथिकल हॅकिंग'च्या क्लासवाल्याने सहा महिन्यांत सायबर एक्सपर्ट करून देतो म्हणून सांगितलंय. मी मूळची देवगडची. याच विषयात पीएच.डी. केली, नंतर काही काळ युरोपात पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरची तात्पुरती संशोधक) होते, आता कोकणातल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. तेव्हा जे पाहिलंय ते सांगते.

क्लासचं आधी उरकून टाकते. तिथे तयार टूल्स वापरायला शिकवतात. नोकरीला त्याचा उपयोग होऊ शकतो, मी त्याला नावं ठेवत नाही. पण पीएच.डी.च्या मुलाखतीत ते प्रमाणपत्र कोणी हातातही घेणार नाही. तिथे ग्रुप थिअरी, संभाव्यता आणि लिनिअर अल्जिब्रा विचारतात, आणि फळ्यावर एखादी सिद्धता करायला लावतात.

आता संशोधक दिवसभर करतो काय? आमचे एक काका आंबा बागायतदार आहेत. मी सुट्टीत घरी गेले की त्यांचा ठरलेला प्रश्न: "मगे तू करतंस काय नेमकां?" एका मोसमात मी त्यांना त्यांच्याच पेटीवरून समजावलं. कोकणच्या हापूसला 2018 मध्ये जीआय मानांकन (हे नाव फक्त त्या भागातल्याच मालाला लावता येतं) मिळालं, तरी बाहेरचा आंबा 'देवगड' म्हणून वाशीपासून पुण्यापर्यंत विकला जातो हे काही गुपित नाही. काकांचं म्हणणं, आता क्यूआरचा स्टिकर लावला की प्रश्न मिटला.

मिटला का? पहिला लबाड माणूस मनाला येईल तो नंबर छापून स्टिकर बनवेल. त्याला अडवता येतं. बागायतदारांच्या संस्थेने आपल्या गुप्त किल्लीने, म्हणजे फक्त तिलाच माहीत असलेल्या संख्येने, प्रत्येक नंबरावर डिजिटल सही करायची आणि गिऱ्हाइकाच्या फोनने ती सार्वजनिक किल्लीने, म्हणजे सगळ्यांना दिलेल्या तिच्या जोडीच्या संख्येने, तपासायची. गुप्त किल्ली हातात नसेल तर नव्या नंबरावर खरी सही करता येत नाही. हे काम आजचं गणित चोख करतं.

दुसरा लबाड जास्त हुशार आहे. तो एक खरी पेटी विकत घेतो, तिच्या स्टिकरच्या हजार प्रती छापतो आणि हजार पेट्यांवर चिकटवतो. सही प्रत्येक पेटीवर बरोबरच निघणार! म्हणजे आता सर्व्हर हवा, एकच नंबर दादरला आणि नाशकात एकाच सकाळी तपासला गेला तर लक्षात यायला हवं. पण लक्षात आलं तरी त्यातली खरी पेटी कोणती? मग खरवडल्याशिवाय न दिसणारा नंबर घ्या, तो एकदाच वापरता येईल असं करा. खर्च वाढला, आणि गिऱ्हाईक बाजारात उभं राहून नखाने खरवडत बसेल का, हा नवा प्रश्न आला.

तिसरा लबाड हा लबाड वाटतच नाही. त्याची बाग खरी, स्टिकर खरे. फक्त बागेत शंभर पेट्या पिकतात आणि त्याने तीनशे स्टिकर उचललेत. त्याच्यापुढे कुठलीही सही चालत नाही, तिथे सातबारा आणि झाडांची मोजणीच लागते. काका हसले आणि म्हणाले, "तेका मी वळाखतंय."

माझ्या क्षेत्रातलं निम्मं काम हेच आहे. शत्रू कोण, त्याच्या हातात काय आहे, आणि तो कशाला 'जिंकलो' म्हणेल, हे काटेकोर शब्दांत लिहायचं. डिफी आणि हेलमन यांनी 1976 मध्ये सार्वजनिक किल्लीची कल्पना मांडली, पुढच्याच वर्षी त्यावरची आरएसए ही प्रत्यक्ष पद्धत आली. पण 'सुरक्षित' म्हणजे नक्की काय याची धड व्याख्या गोल्डवासर आणि मिकाली यांनी 1982 मध्ये दिली, आणि माझ्या मते हा विषय खरा शास्त्र झाला तो तेव्हा. त्यानंतरची रीत अशी: ही पद्धत कोणी फोडली, तर त्याच माणसाला अमुक एक अवघड गणित सोडवता आलं असतं, हे सिद्ध करायचं. ते गणित इतक्या वर्षांत कोणाला सुटलेलं नाही, म्हणून पद्धतीवर विश्वास ठेवायचा.

यातली गोम लक्षात आली असेल. ते गणित खरोखर अवघड आहे याची सिद्धता कोणाकडेच नाही. म्हणून उरलेलं निम्मं काम दुसऱ्यांच्या पद्धती फोडायचं, आणि ते चारचौघांत, नावानिशी चालतं. अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने क्वांटम संगणकालाही दाद न देणाऱ्या पद्धती 2016 पासून मागवल्या. त्यात साइक नावाची एक होती. तिच्यामागची मूळ कल्पना 2011 ची, किल्ल्या लहान, लोकांची लाडकी. ती निवडीच्या चौथ्या फेरीपर्यंत टिकली. 2022 च्या जुलैत बेल्जियममधल्या ल्यूवेन विद्यापीठाच्या कास्ट्रिक आणि डेक्रू यांनी साध्या संगणकाच्या एका कोअरवर तासाभरात तिची किल्ली काढून दाखवली. वापरलं काय, तर अर्न्स्ट कानी यांचं 1997 चं एक प्रमेय. ते शुद्ध भूमितीतलं, त्याचा गुप्तलेखनाशी काडीचा संबंध नव्हता. ज्यांनी साइकवर कित्येक वर्षं घातली त्यांनी पुढे काय केलं विचाराल, तर त्यातल्या बऱ्याच जणांनी तेच प्रमेय उचललं आणि त्यावर नव्या पद्धती उभारल्या. अशा वेळी ज्यांना रात्रभर झोप लागणार नाही, पण सकाळी तो पेपर पहिल्यापासून वाचावासा वाटेल, त्यांनी इथे यावं. ज्यांना अपमान झाल्यासारखं वाटेल त्यांना हे क्षेत्र फार त्रास देतं.

प्रमेयांचा कंटाळा असेल आणि हाताने काही करायला आवडत असेल, तर साइड चॅनेल ही दुसरी वाट आहे: गणित न फोडता, यंत्राला लागणारा वेळ किंवा वीज पाहून गुपित काढायचं. माझे विद्यार्थी याच बाजूला जास्त असतात. त्यांना पहिल्या आठवड्यात मी एक पिनचा खेळ देते. चार आकडी पिन, म्हणजे 10,000 शक्यता. प्रोग्राम पिनचा एकेक आकडा तपासतो आणि चुकीचा आकडा दिसला की तिथेच थांबतो. आता पहिला आकडा बरोबर असेल तर उत्तर यायला अगदी किंचित जास्त वेळ लागतो. तो वेळ मोजता आला की पहिल्या आकड्याला फार तर दहा प्रयत्न, दुसऱ्याला दहा, असे 40 प्रयत्नांत पिन हातात. उपाय एका ओळीचा आहे: चूक सापडली तरी थांबायचं नाही, सगळे आकडे तपासूनच उत्तर द्यायचं. पॉल कोचर यांनी 1996 मध्ये वेळेवरून किल्ली काढता येते हे दाखवलं आणि पुढे 1999 मध्ये चिपला लागणाऱ्या विजेच्या चढउतारावरून. आमच्याकडे जूनपासून व्होल्टेजचा जो तमाशा सुरू होतो, त्यात ऑसिलोस्कोपवर (विजेचा चढउतार दाखवणाऱ्या यंत्रावर) स्वच्छ ट्रेस, म्हणजे आलेख, मिळवणं हाच एक प्रोजेक्ट होऊन बसतो. पोरं वैतागतात, पण गोंगाटातून सिग्नल वेगळा काढायला अशी शिकतात की शहरातल्या चकाचक लॅबमधली शिकणार नाहीत.

वाट कशी, तर एम.एस्सी. किंवा एम.टेक., मग पीएच.डी. कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था या विषयाचं जुनं माहेरघर. साइड चॅनेलसाठी आयआयटी खरगपूरकडे बघा. शिवाय आयआयटी मद्रास, आयआयटी मुंबई, बंगळूरची आयआयएस्सी आहेतच. नेट किंवा गेट ही देशपातळीवरची परीक्षा द्यावी लागेल, सांख्यिकी संस्थेची स्वतःची प्रवेश परीक्षा असते. घरी विचारतील म्हणून आकडा देते: 2023 पासून जेआरएफ (सुरुवातीची संशोधन शिष्यवृत्ती) महिना 37,000 रुपये आणि पुढे एसआरएफ (त्यावरची पायरी) झाल्यावर 42,000, अधिक घरभाडं. पाच-सहा वर्षं जातात. त्या वयात बँकेतला मित्र घर बांधायला काढतो आणि तुम्ही 'अजून शिकतोय' असता. लग्नाच्या बाजारात याचं काय होतं ते मी इथे लिहीत नाही.

संस्थेपेक्षा गाइड महत्त्वाचा, हे मात्र ठासून सांगते. त्यांचे आधीचे विद्यार्थी आज कुठे आहेत, किती जण मध्येच सोडून गेले, पेपरवर विद्यार्थ्याचं नाव येतं का, हे त्या विद्यार्थ्यांनाच गाठून विचारा. आणखी एक व्यावहारिक अडचण. आमच्याकडे चांगलं काम परिषदांमध्ये छापलं जातं: क्रिप्टो, युरोक्रिप्ट, एशियाक्रिप्ट, आपली इंडोक्रिप्ट. कॉलेजांच्या निवड समित्या मात्र जर्नल मोजतात. एका मुलाखतीत मला 'कॉन्फरन्स म्हणजे नुसतं भाषणच ना?' असं विचारलं होतं. तेव्हा दोन्हीकडे थोडंथोडं छापत राहावं.

सरकारी नोकरीचीही वाट आहे, संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळांत हेच गणित चालतं. पगार पक्का, पण केलेलं काम बाहेर सांगता येत नाही. ब्रिटनच्या क्लिफर्ड कॉक्स यांनी आरएसएच्याच जातीची पद्धत 1973 मध्ये शोधली होती, ती जगाला कळली 1997 मध्ये. तोवर श्रेय दुसऱ्यांच्या नावावर लागून गेलं होतं. तुम्हाला हे चालणार असेल तर प्रश्नच नाही. मला चाललं नसतं.

राहिलं कोकण. वाचायला काही कमी पडत नाही, कारण या विषयातले बहुतेक पेपर ईप्रिंट नावाच्या संग्रहात फुकट मिळतात. लोटे गावाच्या पुढे इंटरनेट बंद पडलं तरी चार पेपर छापून घेतलेले असले की आठवडा निघतो. गणितालाही लाइट लागत नाही. दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ परांजपे 1899 मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर (गणिताच्या परीक्षेत पहिले) झाले, तेव्हा इथे डोकी नाहीत असं कोणी म्हणू नये. (तेही शिकायला बाहेरच गेले, हे खरं.) इथे कमी पडतात ती माणसं. 'ही पायरी चुकली आहे' असं तुमच्या सिद्धतेला चहा पिता पिता म्हणणारं कोणीतरी शेजारच्या खोलीत लागतं, आणि ते पीएच.डी.च्या वर्षांत तर लागतंच. म्हणून माझं मत असं: पीएच.डी. बाहेर करा, जमल्यास पोस्टडॉकही, आणि मग परत यायचं का ते ठरवा. परत आलात तर शिकवण्याचा भार जास्त, संशोधनाला मे महिना आणि रात्री, पण दरवर्षी वर्गात एक-दोन डोकी अशी निघतात की त्यांच्यामुळे ते करावंसं वाटतं.

या वर्षी करायचं एवढंच. डॅन बोने यांचा क्रिप्टोग्राफीचा ऑनलाइन कोर्स गृहपाठासकट पूर्ण करा, नुसते व्हिडिओ बघू नका. तो करताना मजा आली तर ईप्रिंटवरचा एखादा छोटा पेपर घ्या, कुठे अडलात ते अर्ध्या पानात लिहा आणि लेखकाला ईमेल करा. 'रिस्पेक्टेड सर, आय वाँट टू डू इंटर्नशिप' असल्या पत्रांना उत्तरं येत नाहीत, पण 'तिसऱ्या लेमातली (मधल्या छोट्या प्रमेयातली) ही पायरी कळली नाही' याला बहुतेक वेळा येतात.