आजीचं ‘आपल्याकडे’

प्रिय मनू,

काल रात्री दात घासता घासता तू विचारलंस, “जर्मनमध्ये एकच ‘विअर’ आहे, मग मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन कशाला?” मी पेंगत होते, “असतात गं” म्हणून तुला झोपायला पिटाळलं. आज लिहिते. हळूहळू वाच, अडलं तर तिथं बोट ठेवून माझ्याकडे ये.

‘आम्ही’मध्ये मी असते, माझी माणसं असतात, ज्याच्याशी बोलतेय तो नसतो. ‘आपण’ म्हटलं की तोही आला. फोनवर तू “आजी, आम्ही बर्फात घसरलो” म्हणतेस ते बरोबर. आजी कुठे होती बर्फात?

पण फिंग्स्टन सणाच्या सुट्टीत मिरजेला काय झालं, आठवतं? तू दारातून ओरडलीस, “आजी, आम्ही आंबे आणायला जाणार!” आजी निघण्याच्या तयारीत होती. हातात कापडी पिशवी, एका पायात चप्पल. तिनं ती चप्पल काढली, पिशवी खुंटीला अडकवली आणि म्हणाली, “या जाऊन. मी तोवर भात टाकते.” लक्ष्मी मार्केट येईपर्यंत तू मला विचारत राहिलीस, आजी का नाही आली? माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. पण मी रिक्षावाल्याशी भाड्यावरून हुज्जत घालण्यात गुंग.

तू जर्मनमध्ये विचार केलास आणि ‘विअर’च्या जागी हाताला लागला तो शब्द ठेवून दिलास. पापाही तेच करतो, पण त्याला सूट आहे. तो तिशीत मराठी शिकला. आणि ही भानगड एकट्या मराठीची नाही. गुजरातीत ‘अमे’ आणि ‘आपणे’, तेलुगूत ‘मेमु’ आणि ‘मनम्’. हिंदीचं मात्र ‘हम’वर भागतं.

आता माझी फजिती ऐक. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात तुझी ओमा, म्हणजे माझी सासू, जेवताना म्हणाली, “उद्या विअर बोडनझेला जाणार.” मी रात्री बॅग भरली, पहाटे उठून पुऱ्या तळल्या. सकाळी कळलं, ओमा-ओपा दोघंच निघाले होते. डबा घेऊन मी जिन्यात उभी! ओमानं डब्याकडे बघितलं, ओपाला त्यांच्या श्वेबिश बोलीत काहीतरी सांगितलं, आणि ओपा मुकाट्यानं गाडीची मागची सीट रिकामी करायला लागला. तिच्या ‘विअर’मध्ये मी होते की नव्हते, देव जाणे. तळ्याकाठी ओपानं सात पुऱ्या खाल्ल्या.

दिवा मालवल्यावर तू आणखी एक विचारलंस, अगदी हळू: “मी आजीच्या ‘आपण’मध्ये आहे का?” ताटात भात टाकून उठलीस तेव्हा आजी काय म्हणाली होती? “आपल्याकडे अन्न टाकत नाहीत.” हेच शेजारच्या मुलीनं केलं असतं, तर आजी एक तर गप्प बसली असती, नाहीतर “आमच्याकडे” म्हणाली असती. तुझ्यावर डोळे वटारतानासुद्धा ती ‘आपल्याकडे’च म्हणते.

शनिवारी फोन लावू. त्या दिवशी चप्पल का काढली, हे मी तिला अजून विचारलेलं नाही. तूच विचार.

तुझी,
आई