पोकलेनचा बूम खाली बसतो: नवे सिलिंडर घेण्याआधी रॉडला डायल लावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 20 टनी पोकलेनचा बूम उचलून ठेवला की हळूहळू खाली येतो, सकाळी बघावं तर बकेट जमिनीला टेकलेली. दोन्ही बूम सिलिंडरचं सील किट दोनदा बदलून झालं. आता मेकॅनिक म्हणतो नवे सिलिंडर टाका. टाकावेत का? आणि नसतील टाकायचे तर सील कोणत्या कंपनीचं घ्यावं?

सीलची कंपनी हा यातला सगळ्यात शेवटचा प्रश्न. त्याआधी मेकॅनिकला हे विचारा: सिलिंडर दोनदा उघडला तेव्हा रॉड (सिलिंडरमधून आत-बाहेर होणारा दांडा) व्ही-ब्लॉकवर, म्हणजे व्ही खाचेच्या ठोकळ्यांवर, ठेवून डायल (बारीक वाक दाखवणारं काट्याचं मापक) लावली होती का? ट्यूबमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या नळीत, बोअर गेज (आतला व्यास मोजायचं साधन) घातलं होतं का? उत्तर नाही असेल, तर दोन्ही वेळा तुमचे पैसे घेऊन फक्त रबर बदललं गेलं. सील आपणहून क्वचितच खराब होतं, त्याला धातू किंवा तेल खराब करतं. कारण तसंच ठेवून तिसरं किट टाकलं तर तेही जाईल, मग ते कुठल्या का कंपनीचं असेना.

त्याच्याही आधी, दोष सिलिंडरमध्येच आहे हे कशावरून ठरलं? पाना न लावता बघता येतं. मशीन अर्धा तास चालवून तेल 50 अंशांच्या आसपास गरम करा. बूम मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या स्थितीत उचला, खाली कोणी नको. इंजिन बंद करा आणि रॉडवर मार्करने खूण करून पाच मिनिटांत किती आत गेला ते पट्टीने मोजा. मग चावी ऑन ठेवून, इंजिन सुरू न करता, लिव्हर ‘बूम वर’ या दिशेला ओढून धरा. लिव्हरचा इशारा व्हॉल्व्हपर्यंत नेणाऱ्या पायलट लाइनच्या अॅक्युम्युलेटरमध्ये (दाब साठवणाऱ्या भांड्यात) थोडा वेळच दाब टिकतो, म्हणून इंजिन बंद केल्यावर फार उशीर नको. बूम खाली येण्याचा वेग वाढला तर पिस्टनचं सील गळतंय. वेग तोच राहिला तर दोष कंट्रोल व्हॉल्व्हमध्ये आहे, सिलिंडरला हात लावू नका.

यामागचं कारण असं. लिव्हर वर ओढली की स्पूल (कंट्रोल व्हॉल्व्हमधला सरकता दांडा) सिलिंडरची रॉडकडची बाजू टाकीला मोकळी करतो. तळाच्या बाजूचं, म्हणजे पिस्टनखालचं वजन पेलणारं तेल मात्र चेक व्हॉल्व्हमुळे मागे जाऊ शकत नाही. म्हणजे तळाचं तेल पिस्टनवरून पलीकडे जात असेल तरच बूम जोरात खाली येईल.

आता एक गोष्ट, जी बऱ्याच अनुभवी फिटरनाही पटत नाही. पोकलेनच्या बूममध्ये वजन रॉडला आत ढकलतं. सिलिंडरची दोन्ही तोंडं खरोखर बंद असतील तर पिस्टनचं सील अजिबात नसलं तरी बूम खाली येणार नाही, कारण आत येणाऱ्या रॉडला जागाच नाही. फक्त दाब वाढेल. 120 मिमी बोअर आणि 85 मिमी रॉड धरा. बोअरचं क्षेत्रफळ 113 चौ. सेंमी, रॉडचं 57. सील शाबूत असताना जे वजन 100 बारवर तोललं जात होतं ते सील गेल्यावर सुमारे 200 बारवर तोललं जातं, आणि तो दाब रॉडच्या बाजूलाही येतो. तिकडे सहसा होल्डिंग व्हॉल्व्ह (तेल अडवून वजन धरून ठेवणारा व्हॉल्व्ह) नसतो, तेल स्पूलच्या फटीतून टाकीकडे झिरपतं आणि बूम बसतो. म्हणून जुन्या मशीनवर सील आणि स्पूल दोघांचा वाटा असतो. ग्लँडमधून (रॉड बाहेर येतो तिथल्या झाकणातून) बाहेर तेल येण्यामागेही कधी कधी हेच असतं: रॉड सील दुप्पट दाब सोसत असतं आणि दोष पिस्टनचा असतो.

‘सकाळपर्यंत’ या शब्दावर फार विसंबू नका. तेल थंड झालं की आकसतं, दर अंशाला साधारण 0.07 टक्के. 30 अंश उतरले तर 2 टक्के. तळाला एक मीटर तेलाचा स्तंभ असेल तर रॉड 20 मिमी आत जाणारच, आणि बकेटच्या टोकाला ते कितीतरी पटींनी दिसतं. मोजायचं ते गरम तेलावर, पाच मिनिटांत. आणि रात्री बूम हवेत ठेवायचाच कशाला? बकेट टेकवूनच मशीन बंद करायचं.

व्हॉल्व्हकडे बोट गेलं तर आधी होल्डिंग व्हॉल्व्हचा पॉपेट (तोंड बंद करणारा भाग) आणि तो टेकतो ती सीट बघा, एखादा कचऱ्याचा कण पुरतो. मग बूमचा पोर्ट रिलीफ व्हॉल्व्ह (दाब ठरलेल्या मर्यादेवर गेला की तेल सोडणारा) त्याच सेटिंगच्या दुसऱ्या फंक्शनच्या व्हॉल्व्हशी अदलाबदल करा. दोष सोबत सरकला तर सापडला.

सिलिंडरकडे बोट गेलं, तर दोघांपैकी कोणता? बूम पूर्ण वर, रॉड शेवटपर्यंत बाहेर, बूमखाली पक्का आधार. इंजिन बंद, टाकीचा दाब सोडलेला. एका सिलिंडरचा रॉडकडचा होज सोडा, होजच्या तोंडाला प्लग लावा. तळाचा होज चुकूनही सोडायचा नाही. इंजिन चालू करून ‘बूम वर’ देऊन रिलीफवर, म्हणजे रिलीफ व्हॉल्व्ह उघडेल इतक्या दाबावर, धरा, तीस सेकंद जाऊ द्या आणि पुढच्या एका मिनिटात उघड्या पोर्टमधून किती तेल येतं ते मापात घ्या. मर्यादेचा आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये आहे. मग दुसरा सिलिंडर. दोन्ही एकदम उघडायची गरज बहुधा पडत नाही.

तुमच्यासारखीच एक केस इथे सांगतो, कारण याच मुद्द्यावर गॅरेजवाल्यांशी माझा जुना वाद आहे. दगडखाणीवरचं मशीन, डावा बूम सिलिंडर, लागोपाठ किट बदललेली, आणि गॅरेजचा निकाल एकच: सील डुप्लिकेट आलं. सिलिंडर उघडल्यावर रॉड सीलची ओठ एकाच बाजूने झिजलेली होती, समोरची बाजू जवळपास नवी. पिस्टनची वेअर रिंगही (पिस्टनला ट्यूबवर घासू न देणारी रिंग) एकाच बाजूला घासलेली. सील डुप्लिकेट असतं तर गोल सगळीकडे सारखं गेलं असतं. एका बाजूची झीज म्हणजे रॉड वाकलेला, नाहीतर पिन-बुश इतके सैल की सिलिंडर तिरका ओढला जातोय. व्ही-ब्लॉक एक मीटर अंतरावर ठेवून मधोमध डायल लावली, रॉड फिरवला, काटा 2.4 मिमी फिरला. काटा वाकाच्या दुप्पट दाखवतो, म्हणजे वाक 1.2 मिमी. डोळ्याने असा रॉड सरळच दिसतो. सरळ दिसला म्हणून मोजला नाही, हेच गॅरेजवाल्याचं उत्तर होतं.

त्याच रॉडवर एका रेषेत बारीक जळके ठिपके होते, नखाला अडकणारे. ते तेलामुळे होत नाहीत. बकेटचं वेल्डिंग करताना अर्थिंगचा क्लँप लांब, अप्पर बॉडीवर लावला की करंट बूममधून, सिलिंडरमधून, रॉड आणि ग्लँडमधल्या फटीतून ठिणग्या टाकत जातो. प्रत्येक ठिपका पुढे दर स्ट्रोकला सीलची ओठ किसतो. अर्थिंग वेल्डच्या शेजारीच, त्याच तुकड्यावर लावायचं, हे साइटवरच्या प्रत्येक वेल्डरला बजावून सांगा.

उतरवलेलं जुनं सील फेकू देऊ नका, ते हातात घ्या. उभे ओरखडे म्हणजे तेलात कचरा. कडक होऊन तडकलेलं म्हणजे उष्णता. तेल सतत 80 अंशांच्या वर गेलं की बहुतेक सीलचं आयुष्य झपाट्याने घटतं. दाबाच्या उलट बाजूची कड कुरतडलेली असेल तर फट वाढली आहे आणि सील त्या फटीत ढकललं जातंय. काळं, जळकं म्हणजे सिलिंडरमध्ये हवा राहिली आणि दाबाखाली तिचा भडका झाला. फुगलेलं म्हणजे चुकीचं तेल, किंवा तेलात डिझेल.

मोजमाप: 85 मिमीचा रॉड f7 मापात (मापात किती फरक चालतो त्याची ठरलेली श्रेणी) असेल तर तो 84.929 ते 84.964 मिमी भरतो. मायक्रोमीटर पाच ठिकाणी, दोन आडव्या-उभ्या दिशांना लावा. 120 मिमीची ट्यूब H8 (आतल्या व्यासासाठी तशीच श्रेणी) असेल तर 120.054 पर्यंत. बोअर गेज दोन्ही टोकांना आणि मध्ये. मध्येच फुगलेली ट्यूब गेजशिवाय कळत नाही. आडव्या खुणा फारसं बिघडवत नाहीत, उभा ओरखडा मात्र तेलासाठी वाटच असते. हलका असेल तर होनिंगने (ट्यूब आतून बारीक दगडाने घासून) निघतो. पण तो काढताना माप इतकं वाढलं की पिस्टनभोवतीची फट सीलला पेलवत नाही, तर ती ट्यूब संपली. तेव्हाच नवी ट्यूब किंवा नवा सिलिंडर. रॉड वाकला असेल किंवा क्रोम उडालं असेल तर फक्त रॉड. इंडक्शन हार्डन्ड (तापवून वरचा थर कडक केलेला) रॉड प्रेसवर सरळ करण्याच्या मी विरोधात आहे, क्रोमला आणि खालच्या कडक थराला तडे जातात. री-क्रोम करून आणलात तर फायनल ग्राइंडिंग आणि पॉलिश झालंय का ते मोजून घ्या. क्रोम चढवून तसाच पाठवलेला, 85 च्या वर भरणारा रॉड नवं सील पहिल्याच दिवशी खातो.

बसवतानाही बरंच बिघडतं. यू-सीलची ओठ दाबाकडे. खोबणीत घालताना स्क्रू-ड्रायव्हर नको, हाताने वाकवून घाला. पिस्टनची नायलॉन किंवा टेफ्लॉन रिंग गरम करून ताणायची आणि मग पट्ट्याने आवळून मापात येईपर्यंत धरून ठेवायची. हे न करता ट्यूबमध्ये ठोकली की रिंगची कड कापली जाते आणि पहिल्या टेस्टला पुन्हा गळती. आट्यांवर टेप गुंडाळा. पिस्टन नटला मॅन्युअलचा टॉर्क द्या, पाइप लावून अंदाजाने नाही. पिस्टन बाहेर काढायला कंप्रेसरची हवा कधीच वापरू नका, तो बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो.

बसवल्यावर इंजिन लो आयडलवर ठेवून चार-पाच वेळा बूम वर-खाली करा, पण प्रत्येक टोकाच्या 100 मिमी आधी थांबा. मग टोकापर्यंत. सुरुवातीलाच शेवटपर्यंत रेटलं तर वर म्हटलेला हवेचा भडका होतो. रिटर्न फिल्टर कापून आत बघा. पितळेची, क्रोमची चमक असेल तर टाकी रिकामी करून धुतल्याशिवाय नवा सिलिंडरही टिकणार नाही. पिंपातलं नवं तेलसुद्धा फिल्टरमधूनच भरा. पन्नास तासांनी फिल्टर पुन्हा बदला.

कोकणात किंवा गोव्यात मशीन असेल तर पावसाळ्यात ते रॉड बाहेर ठेवून उभं करू नका. खारी हवा क्रोमच्या बारीक छिद्रांतून खालच्या लोखंडाला गाठते. बकेट टेकवून बंद केलं तरी काही रॉड उघडेच राहतात, त्यांना ग्रीस फासा.

सीलच्या कंपनीबद्दल विचारलंत म्हणून: ओरिजिनल पार्ट नंबरचं किट घ्या, आणि रॉड-ट्यूब मापात असेल तरच.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. लिव्हरची टेस्ट रॉडला आत ढकलणाऱ्या वजनासाठी आहे. आर्म आणि बकेटला मशीनच्या स्थितीप्रमाणे वजन रॉडला बाहेरही ओढू शकतं, तिथे हा हिशेब उलटा लागतो आणि पिस्टन सील एकटंच आर्म किंवा बकेट खाली सोडू शकतं. दुसरं, होजला बारीक भोक असेल तर हात फिरवून शोधू नका. ती धार कातडीतून आत शिरते, जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट कापावं लागू शकतं. पुठ्ठा धरा. आणि तेल आत गेलंच तर दुखत नसलं तरी त्याच तासात शस्त्रक्रियेची सोय असलेलं हॉस्पिटल गाठा, आणि तिथे ‘प्रेशरचं हायड्रॉलिक तेल आत गेलंय’ असं स्पष्ट सांगा.